युद्धकाळातील ख्रिस्ती शांतिकार्य : एका जुन्या प्रश्नाचा आढावा

१. प्रश्नाची मांडणी

युद्धाच्या काळात ख्रिस्ती माणसाने शांतीसाठी नेमके काय करावे, हा प्रश्न ख्रिस्ती धर्माइतकाच जुना असला तरी गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत त्याचे स्वरूप पुष्कळ बदलले आहे. पूर्वी चर्चेचा सारा भर ख्रिस्ती माणसाने शस्त्र हाती घ्यावे की घेऊ नये या एकाच मुद्द्यावर असे. आता त्याच्या जोडीला दुसरा, अधिक व्यापक प्रश्न उभा राहिला आहे : शस्त्र घेण्याविषयी मत काहीही असले तरी, युद्ध चालू असताना मध्यस्थी, निःशस्त्रांचे संरक्षण, अत्याचारांची नोंद, कैद्यांची व निर्वासितांची सेवा आणि शत्रुपक्षाशी संवाद ही कामे करण्याची जबाबदारी ख्रिस्ती मंडळीवर, म्हणजे श्रद्धावंतांच्या संघटित समुदायावर, किती आणि कशी येते? या कामांना येथे एकत्रितपणे ‘शांतिकार्य’ म्हटले आहे.

हे दोन प्रश्न परस्परांशी निगडित असले तरी एक नाहीत, आणि त्यांची सरमिसळ झाल्यामुळे वादात बराच गोंधळ माजलेला दिसतो. ते वेगळे ठेवून पाहिले तर असे आढळते की पहिल्या प्रश्नावर मतभेद अजून तीव्र आहेत, पण दुसऱ्यावर विरोधी पक्ष एकमेकांच्या बरेच जवळ आले आहेत. हा प्रवास कसा झाला, आज कोण कोठे उभे आहे आणि कोणते प्रश्न सुटायचे राहिले आहेत, याचा आढावा पुढे क्रमाने घेतला आहे.

२. शास्त्राधार आणि पहिली तीन शतके

नव्या करारात या प्रश्नाला थेट उत्तर देणारा एकच एक नियम सापडत नाही, आणि पुढील साऱ्या वादाचे मूळ येथे आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनात शांती प्रस्थापित करणाऱ्यांना धन्य म्हटले आहे आणि वैऱ्यावर प्रीती करण्याची आज्ञा दिली आहे. अटकेच्या वेळी येशूने शिष्याला तलवार आवरायला सांगितली, हा प्रसंगही शांतिवादी, म्हणजे कोणत्याही कारणासाठी युद्धात सहभागी होणे अमान्य करणारे विचारवंत, आवर्जून पुढे ठेवतात. उलट बाजूने असे दाखवले जाते की बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने आपल्याकडे आलेल्या शिपायांना जुलूम करण्यापासून परावृत्त केले, पण त्यांना नोकरी सोडायला सांगितले नाही; कर्नेल्य या रोमी शताधिपतीने सैन्यात असतानाच बाप्तिस्मा घेतला; आणि रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायात पौलाने सत्ताधाऱ्याच्या हातातील तलवारीला दुष्टाला शासन करण्याचे साधन मानले.

पहिल्या तीन शतकांतील ख्रिस्ती लेखकांचा कल मात्र बहुतांशी सैन्यसेवेविरुद्ध होता. टर्टुलियनने ख्रिस्ती व्यक्तीने सैनिक होण्याला स्पष्ट विरोध केला, तर ओरिगेनने तिसऱ्या शतकाच्या मध्यास असा युक्तिवाद केला की ख्रिस्ती लोक शस्त्र न धरता प्रार्थनेने सम्राटाला अधिक मोठे साह्य करतात. इ.स. २९५ मध्ये उत्तर आफ्रिकेतील तेबेस्सा येथे मॅक्सिमिलियन या २१ वर्षांच्या तरुणाने भरतीच्या वेळी गळ्यात घातली जाणारी शिशाची मुद्रा नाकारली आणि त्यासाठी त्याचा शिरच्छेद झाला. त्याच्या खटल्याचा जो वृत्तांत उपलब्ध आहे, त्यात न्यायनिवाडा करणारा रोमी अधिकारी त्याला सांगतो की सम्राटांच्या खुद्द अंगरक्षक दलात ख्रिस्ती सैनिक आहेत, मग त्याचीच अडचण काय. त्यावर आपल्यासाठी योग्य काय ते त्या सैनिकांना ठाऊक, आपण मात्र ख्रिस्ती असल्याने वाईट करू शकत नाही, अशा आशयाचे उत्तर तो देतो. एकाच कागदात नकार देणारा ख्रिस्ती आणि सैन्यात असलेले ख्रिस्ती असे दोन्ही दिसत असल्याने दोन्ही बाजूंचे अभ्यासक याच वृत्तांताचा आधार घेतात.

त्यांच्यातील वाद मुख्यतः नकाराच्या कारणाविषयी आहे. एका पक्षाच्या मते आरंभीच्या ख्रिस्ती लोकांना रक्तपातच अमान्य होता. दुसऱ्या पक्षाच्या मते सैन्यातील दैवतपूजा आणि सम्राटपूजा हा त्यांचा खरा आक्षेप होता, आणि ती अडचण दूर होताच सैन्यसेवेचा मार्ग मोकळा झाला. इ.स. ३१२ मधील विजयानंतर सम्राट कॉन्स्टंटाइनने ख्रिस्ती धर्माला आश्रय दिला. त्यानंतरच्या बदलाला मेनोनाइट विचारवंत जॉन हॉवर्ड योडर यांनी मूळ शिकवणीपासून झालेले पतन मानले, तर पीटर लाइथार्ट यांनी २०१० मध्ये कॉन्स्टंटाइनच्या समर्थनार्थ लिहिलेल्या ग्रंथात या मांडणीला सविस्तर आव्हान दिले. उपलब्ध पुरावा पाहता आरंभीच्या मंडळीत एकमत नव्हते, आणि तिच्या अधिकृत शिकवणीचा झुकाव नकाराकडे असताना प्रत्यक्ष आचरण मिश्र होते, एवढे विधान सुरक्षितपणे करता येते.

३. न्याय्य युद्धाची परंपरा

चौथ्या शतकापासून साम्राज्याच्या रक्षणाची जबाबदारी ख्रिस्ती शासकांवर आली आणि विचाराची दिशा पालटली. अँब्रोज आणि त्यानंतर ऑगस्टीन (३५४–४३०) यांनी असे प्रतिपादन केले की स्वतःच्या बचावासाठी ख्रिस्ती माणसाने मारू नये, पण निरपराध शेजाऱ्यावर अन्याय होत असताना अधिकारी व्यक्तीच्या आज्ञेने त्याचे रक्षण करणे हे प्रीतीचेच कर्तव्य ठरू शकते. ऑगस्टीनने हा विचार सलग सिद्धांत म्हणून कोठेही मांडला नाही. तेराव्या शतकात थॉमस ॲक्विनास यांनी वैध अधिकार, न्याय्य कारण आणि शुद्ध हेतू या तीन अटींत त्याची बांधणी केली. पुढे स्पेनमधील फ्रान्सिस्को दे व्हितोरिया यांनी १५३९ च्या व्याख्यानांत, अमेरिकेतील मूळ रहिवासी ख्रिस्ती नाहीत हे त्यांच्याविरुद्ध युद्ध करण्याचे न्याय्य कारण होऊ शकत नाही, असे बजावले, आणि ह्यूगो ग्रोशियस यांच्या १६२५ मधील ग्रंथातून हा विचार आंतरराष्ट्रीय कायद्याच्या पायाशी जाऊन पोचला.

या परंपरेत दोन प्रकारचे निकष मानले जातात. पहिले युद्ध सुरू करण्यापूर्वी लावायचे : कारण न्याय्य आहे का, अन्य सर्व उपाय थकले आहेत का, यशाची वाजवी आशा आहे का. दुसरे युद्ध लढताना पाळायचे : नागरिक आणि योद्धे यांत भेद राखणे आणि साध्याच्या प्रमाणाबाहेर हानी न करणे. पौर्वात्य ऑर्थोडॉक्स परंपरेने मात्र युद्धाला न्याय्य म्हणण्यापेक्षा अटळ अनर्थ मानण्याचा मार्ग पसंत केला. चौथ्या शतकातील बॅसिल या बिशपांनी युद्धात मारणाऱ्याला खुनी ठरवले नाही, पण हात शुद्ध नसल्याने त्याने तीन वर्षे प्रभुभोजनापासून दूर राहावे असा सल्ला दिला. युद्ध कधीकधी टाळता येत नाही, तरीही त्याचा डाग लागतोच, ही जाणीव या सल्ल्यात आहे. याशिवाय १०९५ पासूनच्या क्रुसेडांनी युद्धालाच पवित्र मानणारी भूमिका रूढ केली. इतिहासकार रोलंड बेंटन यांनी १९६० मध्ये शांतिवाद, न्याय्य युद्ध आणि क्रुसेड अशी जी त्रिविध विभागणी केली, ती ऑर्थोडॉक्स भूमिकेला पुरेशी जागा देत नसली तरी अभ्यासाची चौकट म्हणून आजही वापरली जाते.

४. शांतिमंडळ्या आणि दोन महायुद्धे

सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेच्या काळात शांतिवादाला पुन्हा संघटित रूप आले. ॲनाबॅप्टिस्टांनी, म्हणजे प्रौढपणी स्वेच्छेने बाप्तिस्मा घेण्याचा आग्रह धरणाऱ्या पंथीयांनी, १५२७ मधील श्लाइटहाइमच्या कबुलीपत्रात तलवारीचा त्याग केला. त्यांच्यातून मेनोनाइट मंडळी आकाराला आली. इंग्लंडमधील क्वेकरांनी १६६० च्या दशकाच्या आरंभी राजापुढे युद्धत्यागाचे निवेदन ठेवले, आणि १७०८ मध्ये जर्मनीत स्थापन झालेल्या ब्रेदरेन मंडळीनेही हीच वाट धरली. या तिन्हींना मिळून ‘ऐतिहासिक शांतिमंडळ्या’ म्हणतात.

पहिल्या महायुद्धाने हा विचार पंथाच्या कुंपणाबाहेर आणला. १९१४ च्या अखेरीस केंब्रिज येथे ‘फेलोशिप ऑफ रिकन्सिलिएशन’ ही विविध पंथांतील शांतिवाद्यांची संघटना स्थापन झाली. ब्रिटनमध्ये १९१६ साली सक्तीची लष्करभरती लागू झाली, तेव्हा सदसद्विवेकबुद्धीला स्मरून सेवा नाकारण्याची तरतूद कायद्यात ठेवण्यात आली आणि सुमारे १६,००० जणांनी तिचा आधार घेतला. तरीही ज्यांचा दावा पूर्णपणे मान्य झाला नाही त्यांतील काहींना बळजबरीने फ्रान्सला नेण्यात आले. तेथे त्या वर्षीच्या जूनमध्ये ३५ जणांना जमवलेल्या सैन्यासमोर एकेक करून मृत्युदंड वाचून दाखवण्यात आला आणि क्षणभर थांबून तो १० वर्षांच्या सक्तमजुरीत बदलल्याचे सांगण्यात आले. याच काळात तरुण क्वेकरांच्या रुग्णवाहिका पथकाने युद्धभूमीवर जखमींची सेवा केली. मात्र जखमी सैनिक बरा होऊन पुन्हा खंदकात जातो, मग ही सेवा युद्धालाच हातभार लावत नाही काय, असा आक्षेप काही शांतिवाद्यांनी घेतला. तो प्रश्न आजच्या मदतकार्यालाही लागू पडतो.

दुसऱ्या महायुद्धात शांतिवादाची सर्वांत कठोर परीक्षा झाली. अमेरिकी धर्मचिंतक राइनहोल्ड नीबूर एके काळी फेलोशिपचे कार्यकर्ते होते, पण १९४० मध्ये त्यांनी असे मांडले की मानवी पापाची खोली न ओळखणारा शांतिवाद जुलमी सत्तेच्या पथ्यावर पडतो आणि न्यायासाठी बळाचा वापर कधीकधी टाळता येत नाही. या भूमिकेला ‘ख्रिस्ती वास्तववाद’ म्हणतात. जर्मन धर्मगुरू डीट्रिश बॉनहॉफर यांनी १९३४ मध्ये शांतीसाठी सर्व ख्रिस्ती मंडळ्यांना जाहीर साद घातली होती, परंतु पुढे ते हिटलरविरोधी कटाशी जोडले गेले आणि ९ एप्रिल १९४५ रोजी त्यांना फाशी देण्यात आले. त्यांनी शांतिवाद सोडला की अपराधाचे ओझे पत्करून अपवाद केला, यावर अभ्यासकांत अजून एकमत नाही. ऑस्ट्रियातील शेतकरी फ्रान्झ येगरश्टेटर यांनी नाझी सैन्यात लढण्यास नकार दिला, तेव्हा खुद्द त्यांच्या बिशपांनी त्यांना माघार घेण्याचा सल्ला दिला होता. १९४३ मध्ये त्यांचा शिरच्छेद झाला आणि २००७ मध्ये कॅथलिक चर्चने त्यांना ‘धन्य’ घोषित केले.

या काळातील दोन उदाहरणे विशेष बोलकी आहेत. फ्रान्समधील ल शाँबाँ-सुर-लिन्यों या डोंगराळ गावात पास्टर आंद्रे त्रोक्मे, त्यांची पत्नी माग्दा आणि प्रोटेस्टंट गावकरी यांनी यहुद्यांसह काही हजार निर्वासितांना घरांत, शेतघरांत आणि शाळांत आसरा दिला. शांतिवाद निष्क्रिय असतो या समजाला हे उदाहरण छेद देते. दुसरीकडे चिचेस्टरचे बिशप जॉर्ज बेल शांतिवादी नव्हते, नाझींविरुद्धचे युद्ध त्यांना मान्य होते. पण फेब्रुवारी १९४४ मध्ये ब्रिटिश वरिष्ठ सभागृहात उभे राहून त्यांनी जर्मन शहरांवरील सरसकट बॉम्बफेकीला विरोध केला. न्याय्य युद्धाचे निकष प्रामाणिकपणे लावले तर ते स्वपक्षाविरुद्धही जातात, हे त्यांनी दाखवून दिले.

याच अर्धशतकात शांतिवादाच्या आशयात आणखी एक बदल झाला आणि त्याचा उगम भारताशी जोडलेला आहे. डोंगरावरील प्रवचनावर आधारलेल्या टॉलस्टॉय यांच्या लेखनाचा गांधीजींवर खोल परिणाम झाला, आणि गांधीजींच्या सत्याग्रहातून पाश्चात्त्य ख्रिस्ती शांतिवादाला ‘अप्रतिकारा’ऐवजी ‘अहिंसक प्रतिकारा’ची पद्धत मिळाली. वर्ध्याच्या मगनवाडीत अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे काम उभे करणारे जे. सी. कुमारप्पा हे स्वतः ख्रिस्ती होते. दूरच्या कच्च्या मालावर आणि बाजारपेठेवर विसंबणारी अर्थव्यवस्था त्यांच्या रक्षणासाठी बळाकडे वळते, म्हणून युद्धाचे बीज रोजच्या उपभोगात शोधले पाहिजे, ही त्यांची मांडणी ख्रिस्ती शांतिविचारात आर्थिक बाजूची भर घालते. मराठी मुलुखात घडलेल्या या विचाराची दखल पाश्चात्त्य आढाव्यांत क्वचितच घेतली जाते.

५. १९४५ नंतरचे वळण : न्याय्य शांती

अण्वस्त्रांमुळे न्याय्य युद्धाचे जुने निकष अपुरे पडू लागले, कारण नागरिक आणि योद्धे यांत भेद न करणारे शस्त्र प्रमाणात वापरता येईल अशी कल्पना करणेच कठीण झाले. १९४८ मध्ये ॲमस्टरडॅम येथे स्थापन झालेल्या जागतिक चर्च परिषदेने युद्ध ईश्वरी इच्छेच्या विरुद्ध असल्याचे जाहीर केले, पण ख्रिस्ती माणसाने त्यात भाग घ्यावा की नाही यावर आपल्यात मतभेद असल्याची कबुलीही दिली. पोप तेविसावे जॉन यांनी १९६३ मध्ये ‘पाचेम इन तेर्रिस’ हे परिपत्र, म्हणजे पोपचे अधिकृत शिकवणीचे पत्र, काढून मानवी हक्कांना शांतीचा पाया ठरवले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये शहरांच्या सरसकट विनाशाचा निषेध केला आणि लष्करी सेवा नाकारणाऱ्यांसाठी मानवी कायदे असावेत असे म्हटले, मात्र स्वसंरक्षणाचा अधिकार आणि सैनिकाची सेवा या दोन्हींचे समर्थनही कायम ठेवले.

यानंतर मधला मार्ग शोधणारे विचारवंत पुढे आले. बॅप्टिस्ट नीतिचिंतक ग्लेन स्टॅसेन यांनी १९९० च्या दशकात ‘न्याय्य शांतिनिर्मिती’ या नावाने दहा व्यवहार्य कृतींची मांडणी केली. स्वतःहून तणाव कमी करणारे पाऊल उचलणे, स्वतःच्या बाजूचा दोष मान्य करणे, शस्त्रव्यापार घटवणे अशा या कृती शांतिवादी आणि न्याय्य युद्धवादी दोघांनाही मान्य होतील, अशी त्यांची भूमिका होती. मेनोनाइट अभ्यासक जॉन पॉल लेडराक यांनी निकाराग्वासह अनेक देशांतील अनुभवावरून असे प्रतिपादन केले की तह म्हणजे शेवट नसून तुटलेले संबंध नव्याने उभारण्याच्या दीर्घ प्रक्रियेतील एक टप्पा असतो. २०११ मध्ये किंग्स्टन येथील जागतिक मेळाव्यात चर्च परिषदेने ‘न्याय्य शांती’ हाच चर्चेचा केंद्रबिंदू ठरवला.

कॅथलिक वर्तुळात २०१६ च्या एप्रिलमध्ये रोम येथे भरलेल्या परिषदेने चर्चने न्याय्य युद्धाची शिकवण मागे ठेवून अहिंसेला केंद्रस्थानी आणावे असे आवाहन केले. पोप फ्रान्सिस यांनी १ जानेवारी २०१७ च्या शांतिदिन संदेशात अहिंसेला राजकारणाची शैली म्हणून पुढे ठेवले आणि २०२० च्या ‘फ्रातेल्ली तुत्ती’ परिपत्रात, आजच्या काळात युद्ध न्याय्य ठरवणे अत्यंत कठीण असल्याचे म्हटले. चर्चने जुनी शिकवण सोडली, असा याचा अर्थ काहींनी लावला. इतरांच्या मते तिचे निकष अधिक कडक केले, एवढेच झाले. नायजेल बिगर यांच्यासारखे अँग्लिकन नीतिचिंतक मात्र न्याय्य युद्धाचे ठाम समर्थन करतात. मोठ्या अन्यायाला रोखण्याची शक्ती असून ती न वापरणे हीदेखील एक निवड असते आणि तिचीही किंमत कोणाला तरी मोजावी लागते, याकडे ते लक्ष वेधतात.

६. प्रत्यक्ष कार्याची तीन रूपे

सिद्धांताची चर्चा चालू असताना प्रत्यक्ष कामाचे अनुभव साठत गेले. त्यांतून मध्यस्थी, जनसमाजातील शांतिप्रयत्न आणि निःशस्त्र सोबत अशी तीन रूपे ठळकपणे दिसतात.

मध्यस्थीचे सर्वांत अभ्यासलेले उदाहरण मोझांबिकचे आहे. तेथील सरकार आणि रेनामो बंडखोर यांच्यातील युद्ध १९७७ पासून चालू होते आणि त्यात सुमारे दहा लाख माणसे दगावली असे मानले जाते. १९६८ मध्ये रोममध्ये स्थापन झालेल्या सांत एजिदियो या कॅथलिक समुदायाने जुलै १९९० मध्ये दोन्ही पक्षांना आपल्या वास्तूत एकत्र बसवले. समुदायाचे आंद्रेआ रिकार्डी आणि मातेओ झुप्पी, इटालियन राजकारणी मारिओ राफाएल्ली आणि बेइरा येथील आर्चबिशप जाइमे गोन्साल्व्हेस हे चौघे मध्यस्थ होते. ज्यांच्याजवळ ना सैन्य ना आर्थिक दबावाचे साधन, अशा या मंडळींकडे दोन्ही बाजूंचा विश्वास आणि भरपूर सवड एवढेच भांडवल होते. पहिल्याच संयुक्त निवेदनात दोन्ही पक्षांनी एकाच मोझांबिकी कुटुंबाचे घटक म्हणून परस्परांना मान्यता दिली आणि २७ महिन्यांच्या वाटाघाटींनंतर ४ ऑक्टोबर १९९२ रोजी करार झाला. त्याच्या अंमलबजावणीसाठी मात्र संयुक्त राष्ट्रांचे सैनिक आणि मोठा निधी लागला, आणि २०१३ नंतर पुन्हा चकमकी उसळल्याने २०१९ मध्ये नवा करार करावा लागला. त्यामुळे या यशाचे श्रेय मध्यस्थीला किती आणि शीतयुद्धाच्या अखेरीमुळे बदललेल्या परिस्थितीला किती, हा प्रश्न राहतोच.

जनसमाजातील प्रयत्नांचे भारतीय उदाहरण नागालँडचे आहे. तेथील बॅप्टिस्ट मंडळ्यांच्या पुढाकाराने १९६४ मध्ये जयप्रकाश नारायण, आसामचे मुख्यमंत्री बिमलाप्रसाद चालिहा आणि अँग्लिकन धर्मगुरू मायकल स्कॉट यांचे शांतिमंडळ नेमले गेले आणि ६ सप्टेंबर १९६४ पासून युद्धविराम लागू झाला. गांधीवादी, शासनकर्ता आणि ख्रिस्ती धर्मगुरू यांना एका मंडळात आणण्याची ही कल्पना त्या काळी धाडसाची होती. राजकीय तोडगा निघाला नाही, जयप्रकाश बाहेर पडले आणि १९६६ मध्ये स्कॉट यांना भारतातून घालवून देण्यात आले. तरी दीर्घकाळ धुमसणाऱ्या संघर्षात गावांना काही काळ मोकळा श्वास घेता आला. मंडळ्यांनी हे काम सोडले नाही, आणि २००८ मध्ये स्थापन झालेल्या नागा समेट मंचाने परस्परांशी लढणाऱ्या नागा गटांनाच एकत्र बसवण्याचा प्रयत्न केला. मिझोराममध्येही १९८६ च्या करारापर्यंत पोचण्यात चर्चनेत्यांचा वाटा होता. लायबेरियात २००३ मध्ये लुथरन कार्यकर्त्या लेमा बोवी यांच्या पुढाकाराने ख्रिस्ती आणि मुस्लिम स्त्रिया एकत्र धरणे धरून बसल्या आणि अक्रा येथील वाटाघाटींच्या दालनाची दारे अडवून त्यांनी नेत्यांवर तडजोडीचा दबाव आणला. शांतिकार्य केवळ धर्मगुरूंचे नाही आणि ते एका धर्मापुरते ठेवताही येत नाही, हे या उदाहरणातून स्पष्ट होते.

तिसरे रूप निःशस्त्र सोबतीचे. १९८४ मध्ये स्ट्रासबुर्ग येथील मेनोनाइट जागतिक परिषदेत रॉन सायडर यांनी असा प्रश्न उपस्थित केला की सैनिक जितका धोका पत्करतात तितका पत्करण्याची शांतिवाद्यांची तयारी आहे काय. त्यातून ‘ख्रिश्चन पीसमेकर टीम्स’ ही संघटना उभी राहिली. तिचे कार्यकर्ते संघर्षग्रस्त भागात निःशस्त्र राहतात, धोक्यातील लोकांबरोबर वावरतात आणि घडणाऱ्या अत्याचारांची नोंद ठेवतात. इराकमध्ये अबू घ्रैब तुरुंगातील छायाचित्रे २००४ मध्ये जगासमोर येण्यापूर्वीच या पथकाने कैद्यांच्या छळाच्या तक्रारी नोंदवल्या होत्या. २६ नोव्हेंबर २००५ रोजी पथकासोबतच्या टॉम फॉक्स, नॉर्मन केंबर, जेम्स लोनी आणि हरमीतसिंग सूडन या चौघांचे बगदादमध्ये अपहरण झाले. मार्च २००६ मध्ये फॉक्स यांचा मृतदेह सापडला, आणि त्याच महिन्याच्या २३ तारखेला लष्करी मोहिमेतून उरलेल्या तिघांची सुटका झाली.

ज्यांनी लष्करी बळाने सुटका नको असे आधी सांगितले होते, त्यांना सैनिकांनीच सोडवले, हा पेच टीकाकारांनी ठळकपणे मांडला, आणि सैनिकांचे आभार मानण्यात कुचराई झाल्याचा आरोपही झाला. मायदेशी परतताच केंबर यांनी सैनिकांच्या धैर्याबद्दल कृतज्ञता व्यक्त केली, पण शस्त्रबळाने टिकाऊ शांती येते यावर आपला विश्वास नसल्याचेही सांगितले. त्या वर्षअखेरीस तिघांनी अपहरणकर्त्यांना क्षमा केल्याचे जाहीर केले आणि फाशीची शक्यता असलेल्या खटल्यात साक्ष देण्याची तयारी दाखवली नाही. संघटनेने २०२२ मध्ये आपल्या नावातील ‘ख्रिश्चन’च्या जागी ‘कम्युनिटी’ हा शब्द घेतला, कारण तिच्या कामात इतर श्रद्धांचे व स्थानिक कार्यकर्ते मोठ्या प्रमाणात सामील झाले होते.

७. युक्रेनने पुढे आणलेले प्रश्न

फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर व्यापक आक्रमण केल्यापासून ही चर्चा पुन्हा तापली आहे. रशियन ऑर्थोडॉक्स चर्चचे प्रमुख पॅट्रिआर्क किरिल यांनी युद्धाला धार्मिक समर्थन दिले. याउलट त्याच चर्चच्या सुमारे ३०० धर्मगुरूंनी मार्च २०२२ मध्ये जाहीर पत्राद्वारे युद्ध थांबवण्याची मागणी केली, आणि ऑर्थोडॉक्स विद्वानांच्या एका गटाने ‘रशियन विश्व’ या राष्ट्रवादी शिकवणीला ख्रिस्ती श्रद्धेशी विसंगत ठरवले. क्रुसेडची कल्पना इतिहासजमा झाली आहे, हे जुने गृहीतक त्यामुळे डळमळीत झाले.

युक्रेनमधील बहुतेक मंडळ्यांनी स्वसंरक्षणाला पाठिंबा दिला आणि बाहेरच्या शांतिवाद्यांचा सल्ला त्यांना आक्रमकाला मोकळीक देणारा वाटला. पोप फ्रान्सिस यांनी २०२४ मध्ये वाटाघाटींच्या संदर्भात पांढऱ्या निशाणाचा उल्लेख केला, तेव्हा कीव्हमधून तीव्र प्रतिक्रिया उमटली. दुसरीकडे, युक्रेनच्या राज्यघटनेत पर्यायी सेवेची तरतूद असूनही युद्धकाळात ती प्रत्यक्षात न मिळाल्याने लष्करी सेवा नाकारणाऱ्या काही ख्रिस्ती नागरिकांना तुरुंगवास भोगावा लागला. एखाद्या राष्ट्राचा स्वसंरक्षणाचा हक्क मान्य करूनही त्याच राष्ट्रातील नकार देणाऱ्याच्या विवेकाचे रक्षण करता येते काय, हा प्रश्न यातून उभा राहिला आहे.

८. अनिर्णित प्रश्न

पहिला अनिर्णित प्रश्न त्रयस्थाच्या रक्षणाचा आहे. १९९४ मध्ये रवांडात, बहुसंख्य ख्रिस्ती असलेल्या देशात, आश्रयासाठी चर्चमध्ये जमलेल्यांची तेथेच कत्तल झाली आणि काही धर्मगुरूंचा तीत सहभाग होता. अशा प्रसंगी शांतिवाद काय देऊ शकतो, हे त्याचे समर्थकही अवघड मानतात. जेराल्ड श्लाबाख यांनी सुचवलेली ‘न्याय्य पोलिसव्यवस्था’, म्हणजे कायद्याच्या चौकटीतील मर्यादित बळाचा वापर मान्य करून युद्ध मात्र नाकारण्याची भूमिका, या कोंडीतून वाट काढू पाहते. पण संघटित सैन्यासमोर पोलिसी बळ कोठवर पुरेल, याचे समाधानकारक उत्तर तिच्याजवळ अजून नाही.

दुसरा प्रश्न परिणामांच्या मोजमापाचा. एरिका चेनोवेथ आणि मारिया स्टीफन यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १९०० ते २००६ या काळातील ३२३ मोहिमा तपासल्या आणि अहिंसक मोहिमांना सुमारे ५३ टक्के, तर सशस्त्र मोहिमांना सुमारे २६ टक्के यश मिळाल्याचे दाखवले. हे निष्कर्ष मुख्यतः राजवटीविरुद्धच्या लढ्यांना लागू होतात, दोन राष्ट्रांमधील युद्धांना ते जसेच्या तसे लावता येत नाहीत. शिवाय, ख्रिस्ती शांतिवाद्यांतील एक प्रवाह असे मानतो की ख्रिस्ताचे अनुकरण यशाच्या हिशेबावर अवलंबून नसते. स्टॅनली हॉवरवॉस हे या प्रवाहाचे प्रमुख प्रवक्ते होत.

तिसरा प्रश्न तटस्थतेचा. मध्यस्थाला दोन्ही बाजूंचा विश्वास लागतो, तर पीडितांच्या सोबत्याला अन्यायाचे नाव घ्यावे लागते. पॅलेस्टाइनमधील ख्रिस्ती नेत्यांनी २००९ मध्ये काढलेल्या ‘कैरोस’ निवेदनाने न्यायाविना समेटाची भाषा पोकळ ठरते असा आग्रह धरला. एकाच मंडळीने ही दोन्ही कामे करावीत की वेगवेगळ्या संस्थांनी ती वाटून घ्यावीत, यावर एकमत नाही.

चौथा प्रश्न अंतर्गत विसंगतीचा. विसाव्या शतकातील ख्रिस्ती शांतिवादाला सर्वाधिक प्रभावी मांडणी देणाऱ्या योडर यांनी अनेक स्त्रियांचे लैंगिक शोषण केल्याचे उघड झाले आणि ते जेथे शिकवत त्या मेनोनाइट धर्मशिक्षण संस्थेने २०१५ मध्ये आपल्या अपयशाची जाहीर कबुली दिली. शांतीचा विचार सांगणारी मंडळी स्वतःच्या आतील हिंसेला कसे तोंड देते, हा आता या विचाराच्या विश्वासार्हतेचाच भाग झाला आहे, आणि योडर यांचे ग्रंथ यापुढे कसे वाचावेत यावर अभ्यासकांत मतभेद आहेत.

९. समारोप

या आढाव्यातून दिसते ते असे की शस्त्र उचलण्याच्या प्रश्नावर शांतिवाद, न्याय्य युद्ध आणि वास्तववाद यांच्यातील दरी बुजलेली नाही, आणि रवांडा व युक्रेन यांच्या अनुभवांनंतर ती लवकर बुजेल असे मानण्यास आधारही नाही. परंतु मध्यस्थी, निर्वासितांना आसरा, अत्याचारांची नोंद, नकार देणाऱ्याच्या विवेकाचे रक्षण आणि स्वपक्षाच्या गैरकृत्यांना जाहीर विरोध ही कामे आज तिन्ही भूमिकांच्या पायावर उभी राहू शकतात. बिशप बेल आणि पास्टर त्रोक्मे यांची मते भिन्न होती, तरी दोघांचे काम शांतिकार्यच होते. म्हणूनच कोणत्याही ख्रिस्ती मंडळीची परीक्षा ती युद्धाविषयी कोणता सिद्धांत मानते एवढ्यावर संपत नाही. तिने आपल्या सिद्धांताची किंमत स्वतः मोजली की दुसऱ्यांना मोजायला लावली, हेही तपासावे लागते. शांतिवाद्याला हा प्रश्न अत्याचाराला बळी पडणाऱ्या शेजाऱ्याच्या बाजूने विचारला पाहिजे आणि न्याय्य युद्धवाद्याला आपल्याच सैन्याच्या हातून मरणाऱ्या परक्या नागरिकाच्या बाजूने. पुढील अभ्यासाने दोन्ही बाजूंना हा प्रश्न सारख्याच कठोरपणे विचारला, तर या वादातून युद्धग्रस्तांच्या उपयोगी पडेल असे काही निष्पन्न होण्याची आशा आहे.